फाईल आधी, अपील मग
(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हापासून आपल्याकडे कुणी घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न एकच: प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत की बाहेर? परवानगी नाकारली गेली की माणूस माझ्याकडे येतो, हातात नकाराचं पत्र. ‘वकीलसाहेब, अपील टाका.’ मी विचारतो, तुमच्या अर्जाची कार्यालयातली फाईल पाहिलीत का? बहुतेकांनी पाहिलेली नसते.

१९६६ च्या नगररचना कायद्यातलं कलम ४५ सांगतं की परवानगी नाकारायची किंवा तिला अटी घालायच्या, तर आदेशात कारणं द्यावी लागतात. ‘पूररेषेमुळे नामंजूर’ एवढ्यानं माझं समाधान होत नाही. कोणती रेषा, नदीजवळची निळी की तिच्यापलीकडची लाल? कुठल्या नकाशावरची? जागेची पातळी कुणी मोजली, कधी? हे सगळं फाईलमधल्या टिपण्यांत आणि अभिप्रायांत असतं.

कलम ४७ खाली शासनाकडे अपील करायला आदेश कळल्यापासून ४० दिवस मिळतात. माहिती अधिकारात कार्यालयाला उत्तराला ३० दिवस. म्हणजे आज-उद्या करत दहा-बारा दिवस घालवलेत, तर कागद हातात येईपर्यंत मुदत उलटलेली असेल. आदेश मिळाला त्याच दिवशी १० रुपयांचा अर्ज द्या. टिपण्या, स्थळपाहणीचा अहवाल, इतर खात्यांचे अभिप्राय, सगळ्याच्या प्रमाणित प्रती मागा.

नदीकाठच्या एका गावातल्या शेतकरी कुटुंबाचं प्रकरण माझ्याकडे होतं. नकार पूररेषेचा. प्रती आल्या, तेव्हा ज्या अभिप्रायावर नकार बेतला होता त्यावर गट नंबर शेजारच्या जमिनीचा निघाला. त्या घरातली म्हातारी माणसं दोन पावसाळे पत्र्याखाली राहिली, ती या एका आकड्यापायी. आजही आठवलं की जीव कळवळतो. मोजणी नकाशा आणि तो अभिप्राय शेजारी शेजारी लावला, आणि अपील मंजूर झालं.

सुनावणीत कधी कधी नवंच कारण पुढे येतं. आदेशात पूररेषा, तोंडी मात्र रस्तारुंदी. अशा वेळी गप्प बसू नका, लेखी आक्षेप नोंदवा. अंधेरीच्या एका सिनेमागृहाच्या परवान्यावरून गोर्धनदास भानजी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९५१ च्या त्या निकालात न्यायालयानं सांगितलं, सरकारी आदेश त्याच्या शब्दांवरून वाचायचा. अधिकाऱ्यानं मागाहून केलेल्या खुलाशावरून नव्हे. शिवाय ज्या कागदाच्या आधारे तुमच्याविरुद्ध निर्णय होणार, तो तुम्हाला आधी दाखवायला हवा. नैसर्गिक न्याय म्हणतात तो हाच. आणि आपणही तेच पाळायचं. आपला पातळीचा नकाशा, फोटो, जुनी घरपट्टी अपिलाबरोबरच जोडा. ऐन सुनावणीला पिशवीतून कागद काढणाऱ्या अर्जदाराला मी स्वतः रागावतो.

शेजाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. कलम ४७ चं अपील फक्त अर्जदाराचं. शेजारच्या बांधकामानं ओढ्याचं पाणी तुमच्या दारात वळत असेल, तर हे दार तुम्हाला बंद. तुम्हाला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, आणि तिथेही पहिला प्रश्न हाच येतो: मंजुरीची फाईल कुठे आहे?