वापिती आणि तिच्या तारा

मंडळी, टेबलावर काचेच्या पेटीत ठेवलंय ते वेस्टलँड वापिती. मार्क टू-ए. भारतीय हवाई दलाचं पहिलं विमान. हे त्याचं मॉडेल, स्केल एकास अठ्ठेचाळीस. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार साधारण 14 मीटर होता, तो इथे शाळेतल्या फूटपट्टीत मावतो. दुकानात जाऊन स्पिटफायर मागा, मिग मागा, लगेच खोका समोर येईल. वापिती मागितलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. त्यामुळे हे प्लॅस्टिक शीट, पितळी तार आणि हट्ट यांतून केलेलं आहे.

थोडा इतिहास सांगतो, फार नाही. 8 ऑक्टोबर 1932 ला हवाई दल कागदावर अस्तित्वात आलं. बरोबर आठवड्याने, 15 ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या जुहूला उतरले. मुंबईकरांना ही दुसरी तारीख पाठ असते, पहिली विचारा, गप्प बसतात. पुढे 1 एप्रिल 1933 ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी उभी राहिली. चार वापिती, सहा अधिकारी, 19 हवाई शिपाई. आणि गंमत बघा, त्यानंतर दोनच दिवसांनी, 3 एप्रिलला, पूर्णियाहून उडालेली दोन विमानं एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली. जगात पहिल्यांदाच. त्यांतलं एक वेस्टलँड वॉलेस, म्हणजे वापितीचीच सुधारलेली धाकटी बहीण. त्या उड्डाणाची जगभर वाहवा झाली. ड्रिग रोडवरच्या चार विमानांकडे कोण बघणार!

त्या सहा अधिकाऱ्यांत सुब्रोतो मुखर्जी होते. 1954 साली ते हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, त्यामुळे त्यांचं नाव निदान निघतं. 19 शिपायांचं नाव कोण घेतो? मी स्वतः मॉडेल करायला बसेपर्यंत त्यांचा विचार केलेला नव्हता. पण हातात कटर आला की लक्षात येतं, वैमानिकाशी आपला संबंध फार थोडा. खुर्ची, दांडा, चार डायल, संपलं. उरलेलं सगळं विमान त्या शिपायांचं: पंख-तारा जुळवणारा तो रिगर, इंजिन सांभाळणारा तो फिटर. त्यांनी जे जे केलं ते सगळं आपल्याला लहान करून पुन्हा करायचं असतं.

तारांपासून सुरू करू. हे दोन मजली पंखांचं विमान, बायप्लेन. पंखांमध्ये दोन्ही बाजूंना खांबांच्या दोन-दोन जोड्या. लोकांना वाटतं, खांबांनी पंख धरलेत. खांब फक्त अंतर राखतात हो, धरतात त्या तारा. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात, तो ताण एका तिरक्या तारेवर येतो. जमिनीवर उभं असताना पंखांचं वजन खाली ओढतं, ते उलट्या तिरक्या तारेवर. शिवाय पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये फुलीसारख्या तारा असतात, त्या पंखाचा कोन राखतात. एक तार सैल पडली की विमान एका अंगाला ओढायला लागतं. आणि या तारा गोल नसतात. वारा कापावा म्हणून त्या चपट्या, दोन्ही कडांना निमुळत्या असतात. दोन टोकांना आटे, एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे. म्हणजे तार एकाच दिशेला फिरवली की दोन्हीकडून आवळते. रिगर तार फिरवणार, लेव्हल लावून बघणार, पुन्हा फिरवणार.

मॉडेलात याचं काय करायचं? नायलॉनचा दोरा सोपा, पण तो गोल आणि चकचकीत. मी लॅमिंग्टन रोडवरून मोटार वाइंडिंगची बारीक तांब्याची तार आणतो. दोन पकडींत धरून हलकेच ओढायची. एका क्षणी ती हाताला किंचित ‘सुटल्यासारखी’ होते, तिथे थांबायचं, ती सरळ झालेली असते. आणखी ओढली की तुटते. मग काचेवर ठेवून पोलादी पट्टीने दाबत लाटायची, चपटी होते. जिथे दोन तारा एकमेकींना ओलांडतात तिथे घासू नयेत म्हणून खऱ्या विमानात छोटा अडसर बसवत. तो इथे गोंदाच्या थेंबाचा आहे. भिंग आणलंय, नंतर बघा.

आता कापड. सांगाडा धातूचा, वर लिननचं कापड ताणून फासळ्यांना शिवलेलं, टाक्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या, आणि वरून डोपचे, म्हणजे कापड ताणणाऱ्या लाखेसारख्या द्रावाचे, हात. डोप वाळताना कापड आवळतं आणि ढोलाच्या पानासारखं कडक होतं. किट बनवणाऱ्या कंपन्यांवर माझा राग आहे तो इथेच. त्या दोन फासळ्यांमध्ये इतका खड्डा दाखवतात की विमान दुष्काळातल्या बैलासारखं दिसतं. खरा झोल नजरेला जेमतेम जाणवणारा. मी पंखावर फासळीच्या जागी कागदाहून पातळ पट्टी चिकटवली, त्यावर प्रायमरचे थर दिले आणि पॉलिश पेपरने इतकं घासलं की पट्टी बोटाला लागते, डोळ्याला फक्त तिरप्या उजेडात दिसते.

वरचा चंदेरी रंग शोभेचा नव्हे. ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेला डोप उन्हापासून कापड वाचवतो. हा रंग मुंबईत द्यायचा म्हणजे पंचांग बघावं लागतं. जुलैत लॅकर फवारला की हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढरट पडतो. खऱ्या डोपचीही हीच खोड. म्हणून कारखान्यात डोप लावायच्या खोल्या उबदार आणि कोरड्या ठेवत. आमच्या घरी ती सोय नाही. मॉडेलवाल्याची दिवाळी झाली की रंगकाम सुरू, गुढीपाडव्याला बंद!

इंजिन ब्रिस्टल ज्युपिटर, गोलाकार मांडलेले नऊ सिलिंडर, हवेने गार होणारे. प्रत्येकावर पातळ पातळ कड्या. एकच सिलिंडर केला, सळईवर तीच तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळली. मग सिलिकॉन रबराचा साचा काढला आणि रेझिनचे बाकीचे ओतले. साचा कसा फाडायचा, हवेचे बुडबुडे कसे टाळायचे हे परळच्या एका मूर्तिकाराकडून शिकलो. त्यांना विमानात शून्य रस. ‘नऊच का?’ एवढंच त्यांनी विचारलं. अशा फोर-स्ट्रोक इंजिनात एका गोलात सिलिंडर विषम लागतात, म्हणजे एक सोडून एक असा ठोका सलग फिरतो. सांगितल्यावर त्यांनी बोटांवर मोजून खात्री करून घेतली.

आता पेटी उघडतो. वरून बघू नका, सगळे वरून बघतात. गुडघ्यावर बसा, एक डोळा मिटा, नाकासमोरून खालच्या पंखाच्या कडेवर नजर लावा. रिगर तसंच बघत असे. पुढचा खांब मागच्या खांबाला झाकतो का बघा. डावीकडे झाकतो. उजवीकडे केसभर बाहेर दिसतो, तिथली एक तार मला अजून आवळायची आहे.