लोहगावची जीप आणि दोन तासांचं ध्वनिमुद्रण

(दृश्य: लोहगाव विमानतळ, सकाळ. धावपट्टीवरचे टायरचे काळे पट्टे.)

१५ फेब्रुवारी २०२०. लोहगावहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं एअरबस ए-३२१ धावपट्टीवर ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगात होतं. तेवढ्यात वैमानिकांना समोर जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी ठरलेल्या वेगाआधीच नाक उचललं. विमान जीपवरून निघून गेलं, पण शेपटीचा खालचा भाग जमिनीला घासला. दिल्लीत ते सुखरूप उतरलं.

कुणाला खरचटलंही नाही, मग तपास कशाला? विमान वाहतुकीत असं विचारत नाहीत. विमान सेवेतून बाजूला काढलं गेलं आणि कॉकपिटमधला आवाज टिपणारं यंत्र उतरवून घ्यायला सांगण्यात आलं.

त्यात घाई असते. हे यंत्र बहुतेक विमानांत शेवटचे दोन तासच राखतं; नवा आवाज जुन्यावर चढत जातो. पुणे-दिल्ली उड्डाणही जवळपास दोन तासांचं. उतरल्यावर यंत्राचा सर्किट ब्रेकर ओढायचं राहिलं आणि विमानाची वीज चालू राहिली, तर आधीच्या विमानतळावर कोण काय बोललं ते पार्किंगमध्ये उभ्या उभ्या पुसलं जातं. वेग, उंची, इंजिन यांची नोंद ठेवणाऱ्या दुसऱ्या यंत्रात मात्र किमान २५ तास मावतात.

(दृश्य: केशरी रंगाची पेटी, जवळून.)

नाव ब्लॅक बॉक्स, रंग भडक केशरी. आतली स्मृतिपेटी ११०० अंश सेल्सिअसची आग तासभर सोसेल अशी बांधलेली असते. पण पेटी मिळाली म्हणजे उत्तर मिळालं, असं नाही. कॉकपिटमधला आवाज, उड्डाणाची नोंद आणि एटीसीचं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाचं, ध्वनिमुद्रण या तिन्हींची घड्याळं आधी जुळवावी लागतात. त्यासाठी एक साधी खूण उपयोगी पडते. वैमानिकाने बोलण्यासाठी माइकचं बटण दाबलं, की तो क्षणही उड्डाणाच्या नोंदीत उमटतो.

अवशेष वेगळं बोलतात. आधी विमानाची चार टोकं शोधतात: नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांची टोकं. चारही एकाच ठिकाणी सापडली, तर विमान हवेत तुटलं नसावं. इंजिनाची पाती फिरण्याच्या उलट दिशेने वाकलेली असतील, तर धडकेच्या वेळी इंजिन फिरत होतं. इशारादिव्याची तारही पाहतात. दिवा पेटलेला असताना धक्का बसला, तर तापलेली तार ताणली जाते. विझलेल्या दिव्याची तार ताणली जात नाही, बहुधा तुटते.

(दृश्य: जुन्नरचे डोंगर, पावसाळी ढग.)

७ जुलै १९६२, मध्यरात्र उलटून गेलेली. मुंबईकडे येणारं अलितालियाचं डीसी-८ जुन्नर तालुक्यातल्या डोंगरावर आदळलं. ९४ जण होते, कुणीही वाचलं नाही. विमानात मोठा बिघाड नव्हता. डोंगर अजून पार व्हायचे होते आणि उतरणं आधीच सुरू झालं होतं.

बारा वर्षांनी, डिसेंबर १९७४ मध्ये, अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ तसंच घडलं, ९२ जण गेले. त्यानंतर तिथे मोठ्या प्रवासी विमानांत जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं. पुढे त्यात डोंगरदऱ्यांचा नकाशाही आला. एका प्रकारचे अपघात तपासामुळे इतके कमी झाल्याची अशी उदाहरणं थोडी आहेत. आपल्याकडे १९९६ मध्ये चरखी दादरीला दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण गेले. त्यानंतर टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

यंत्र बसवून सुटणारा प्रश्न सुटतो. माणसांच्या सवयीचा प्रश्न अवघड.

(दृश्य: मंगळूरची टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथा सपाट करून केलेली, टोकांना दरी असलेली धावपट्टी, वरून.)

२२ मे २०१०, मंगळूर. एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७ उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १५८ मृत्यू. चौकशीचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे, आणि सहवैमानिकाने तीनदा सांगितलेलं ‘गो-अराउंड’ही, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला. विमान सुमारे ८००० फुटांच्या धावपट्टीवर ५२०० फुटांपाशी टेकलं. पुढे पंख अँटेनाच्या काँक्रीटच्या चौथऱ्याला धडकला. असे आधार धडकेने सहज तुटणारे असावेत, धावपट्टीच्या टोकाला विमान अडवणाऱ्या व्यवस्थेचा विचार व्हावा, असं अहवालाने सुचवलं.

७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. तीच कंपनी, त्याच जातीचं बोइंग, पुन्हा टेबलटॉप. पाऊस आणि पाठचा वारा. ८८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ४४३८ फुटांवर. इथेही सहवैमानिकाचं ‘गो-अराउंड’ टेपवर आहे, इथेही ते ऐकलं गेलं नाही. विमान अडवणारी व्यवस्था टोकाला नव्हती. २१ जण गेले.

आंतरराष्ट्रीय नियमानुसार तपासाचा हेतू दोष ठरवणं नाही, पुढचा अपघात टाळणं. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत, अंतिम शक्यतो १२ महिन्यांत. या मुदतींवर बातम्या होतात. आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती तिसरी, जिच्याकडे कॅमेरे फिरकत नाहीत. शिफारस मिळालेल्या देशाने ९० दिवसांत कळवायचं असतं की काय केलं, किंवा का केलं नाही. ‘विचाराधीन आहे’ हे उत्तरही त्यात बसतं.