कापसाच्या खोलीतला आवाज

(खोलीभर कापूस. खांबाला बांधलेला माईक.)

मार्च संपत आलाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या या घरात भाव वाढेल म्हणून थांबवलेला कापूस अजून पडून आहे. खोली आढ्यापर्यंत भरलीय आणि उरलेल्या चार हात जागेत पोळ्याच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चाललंय. पोळा श्रावण अमावास्येला, पाचेक महिने लांब. पण तेव्हा अशी खोली मिळायची नाही. इथे टाळी वाजवली की जागच्या जागी विरते. अंगाला खाज सुटते, ते वेगळं.

गाणारे काका हेडफोन काढतात. "काहून रे, माहा आवाज असा कोरडा येऊन राह्यला? एको टाक ना जरासा."

काकांच्या मनातला एको देवळापाशी उभं राहिलं की कळतो. एक भोंगा देवळावर, दुसरा १७० मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे लांबच्या भोंग्यातला शब्द अर्धा सेकंद उशिरा येतो. जन्मभर गाणं असंच ऐकलेल्या माणसाला कोरडा आवाज उघडाबोडका वाटणारच.

पण हे गाणं झडत्यांचं आहे. झडती म्हणजे तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना म्हणायचं कवन, तिचा सगळा जीव शेवटच्या टोमण्यात. कापसाच्या भावावरचा तो टोमणा एकोत बुडाला, तर लोक हसतील कशाला? त्यात बोली वऱ्हाडी. इथे 'पोळा' नाही, 'पोया'. 'काळा' नाही, 'काया'. ळ म्हणताना जीभ टाळूला लागते, शब्दाला कड येते. य नुसता एका स्वरातून दुसऱ्यात घसरतो. त्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखं घुमणं, चढवला की शब्दाचा लगदा.

म्हणून लॅपटॉपवर बसलेला पोरगा रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवतो आणि काकांचा आवाज तिकडे बेताबेताने पाठवतो. प्री-डिले ४० मिलिसेकंद: शब्द आधी पोचतो, घुमणं मागून. रिव्हर्बमधला २५० हर्ट्झखालचा घुमारा काढलाय, ६००० हर्ट्झवरचा भागही. नाहीतर प्रत्येक 'स' आणि 'च' मागे सळसळत राहतो. मूळ आवाजाला ३००० हर्ट्झच्या आसपास किंचित उचल दिलीय, व्यंजनं तिथे उठून येतात.

एकोही आहे बरं का. लय मिनिटाला ९६ ठोके, म्हणून एको ६२५ मिलिसेकंदांचा, बरोबर ठोक्यावर पडणारा. काका गात असले की तो दबतो, त्यांनी श्वास घेतला की वर येतो. काकांना हे सांगितलेलं नाही.

मोठा रिव्हर्ब राखून ठेवलाय जमावासाठी. झडती संपते, सगळे मिळून 'हर बोला हर हर महादेव' म्हणतात आणि एकदम मैदान उघडतं. ते शब्द सगळ्यांना पाठ, घुमू देत कितीही. मला विचाराल तर अख्ख्या मिक्समधली कमावलेली जागा हीच.

परीक्षा घेते आजी. तिने या झडत्या ऐकलेल्या नाहीत. चुलीजवळ मोबाइलच्या स्पीकरवर गाणं लागतं, आणि ती दोन शब्द भलतेच सांगते. पोरगा रिव्हर्ब आणखी २ डेसिबल खाली घेतो.

(दारात मालवाहू गाडी. वजनकाटा.)

एप्रिलमध्ये खेडा खरेदीवाला, म्हणजे दारात येऊन कापूस घेणारा व्यापारी, येतो. शेवटचं कडवं अजून राहिलंय. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी होते. पोरगा मधोमध उभा राहून टाळी वाजवतो, चारही भिंती उत्तर देतात.

"हे पाय!" काका खूश. "आला ना एको!"

पोरगा आतून गाद्या आणि वाकळा ओढून आणायला लागतो.