पाच फुटांचं उड्डाण

[दृश्य : मिरज, सतारमेकर गल्ली. सकाळ. ओसरीवर टांगलेले भोपळे.]

या गल्लीत सकाळी दोन आवाज असतात. लाकडावर फिरणाऱ्या कानशीचा आणि नुकत्याच चढवलेल्या तारेचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथं येतात, तुणाचं लाकूड येतं, आणि काही महिन्यांनी त्यांचा तंबोरा होऊन बाहेर पडतो. मी याच गल्लीच्या टोकाला राहतो. दिवसा शेतपंपांच्या मोटरी रिवाइंड करतो. रात्री जेवणं झाली, टेबल पुसलं, की त्यावर वर्तमानपत्र पसरतो आणि विमान बांधायला बसतो.

[दृश्य : दिव्याच्या उजेडात मॉडेल. कॅमेरा सावकाश भोवती फिरतो.]

हे राइट बंधूंचं १९०३ सालचं ‘फ्लायर’. वर एक पंख, खाली एक पंख, मध्ये उभे खांब आणि तारांचं जाळं. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा ४० फूट ४ इंच होता. मी एकास चोवीस हे प्रमाण धरलं. मूळचा एक फूट म्हणजे माझ्याकडे अर्धा इंच. त्यामुळे हे टोकापासून टोकापर्यंत २० इंचांहून थोडंसंच जास्त भरतं. याचे तयार संचही मिळतात, पण मला प्रत्येक काडी स्वतः तासायची होती. काडी तासताना ती तिथं कशासाठी आहे, याचा विचार करावाच लागतो.

मूळ विमान स्प्रूस आणि अॅश या लाकडांचं. आपल्याकडे ती कुठून आणायची? मी बुरुडाकडे गेलो. लांब पेरांचा, पिकलेला बांबू मागितला. बांबूची पाठ ठेवायची आणि पोट तासून टाकायचं, कारण सगळी ताकद पाठीत असते. पतंगाची कामटी ज्यानं घरी केली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. चिरलेली कामटी लोखंडी पट्टीतल्या छिद्रांतून ओढायची. आधी १.६ मिलिमीटरचं छिद्र, मग १.३, मग १. प्रत्येक वेळी थोडी साल निघते आणि काडी गोल होत जाते. पंखांच्या लांब दांड्या आणि सगळे खांब असेच झाले.

फासळ्यांनी मात्र दोन महिने घेतले.

[दृश्य : गरम सोल्डरिंगच्या दांड्यावर भिजलेली कामटी वाकते आहे. वाफ.]

पंखाची फासळी सरळ नसते. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत पंखाची रुंदी साडेसहा फूट होती आणि त्यात रुंदीच्या विसाव्या भागाएवढा बाक होता. माझ्या मापात सव्वातीन इंचांत जेमतेम चार मिलिमीटर. हा बाक साऱ्या फासळ्यांत सारखा पाहिजे. एक जरी जास्त वाकली तरी पंखावर तिथं उंचवटा दिसतो. रात्रभर भिजवलेली कामटी सोल्डरिंगच्या गरम दांड्यावरून सावकाश ओढायची आणि साच्यात दाबून ठेवायची. सकाळी काढली की ती थोडी उलगडते. म्हणून साच्याचा बाकच जरा जास्त ठेवायचा. किती जास्त, ते बांबूवर आहे. एका पेरातल्या काड्या एकसारख्या वागतात, दुसऱ्या पेरातल्या वेगळ्या. शेवटी मी प्रत्येक पंखाच्या फासळ्या शक्यतो एकाच बांबूतून काढल्या.

आणखी एक माप सांगतो. उजवा पंख डाव्यापेक्षा चार इंच लांब होता. इंजिन मधोमध नव्हतं, उजवीकडे होतं. डावीकडे वैमानिक पालथा झोपायचा, आणि इंजिनाचं वजन त्याच्यापेक्षा जास्त. ते तोलायला उजवीकडे जास्त पंख दिला. माझ्याकडे हा फरक सव्वाचार मिलिमीटरचा आहे. नुसत्या डोळ्यांना तो कळतही नाही. तरी तो ठेवलाच पाहिजे होता, आणि मी ठेवला.

कापडाचं सांगायचं तर राइटांनी रंग न दिलेली मलमल वापरली होती. ती तिरपी कापून लावली, म्हणजे कापडाचे धागेच तिरक्या आधारासारखे ताण घेतील. मी आधी घरातलं मऊ झालेलं जुनं धोतर लावून पाहिलं. इतक्या लहान पंखावर त्याचा धागा दोरखंडासारखा दिसला. मग भेटवस्तूंच्या खोक्यात येतो तो पातळ टिश्यू कागद घेतला, पातळ चहाच्या पाण्यातून काढला, वाळवला. कोऱ्या मलमलीचा पिवळसर रंग बरोबर उतरला. पण पहिला पंख मी कागद लावल्यावर पाण्यानं शिंपडून तसाच टांगला आणि झोपलो. कागद वाळताना आवळला, आणि त्यानं सकाळपर्यंत अख्खा पंख पापडासारखा वळवला. दुसऱ्या वेळी पंख पाटावर टाचण्यांनी पक्का केला आणि वाळेपर्यंत दोन दिवस हात लावला नाही.

[दृश्य : सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं. दोन हात ते पिळतात.]

आता हे खोकं पाहा. राइट बंधूंचं, विल्बर आणि ऑरव्हिल या दोघा भावांचं, अमेरिकेतल्या डेटन गावात सायकलचं दुकान होतं, १८९२ पासून. १८९९ साली एकदा विल्बरच्या हातात ट्यूबचं रिकामं खोकं होतं. बोलता बोलता त्यानं ते पिळलं. एका टोकाची कड वर गेली, दुसऱ्या टोकाची खाली. विमानाचे दोन्ही पंख असे पिळता आले तर हवेत एका बाजूला कलता येईल, कललेलं विमान सावरताही येईल, हे त्याला तिथं उमगलं. त्या वर्षी त्यानं दोन मजली पतंग करून हीच गोष्ट तपासली.

सायकलचं दुकान म्हटलं की मला आपल्याकडचं एक दुकान आठवतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. पुढं १९१० साली ते औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर आले आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. मिरजेहून पुण्याकडे रेल्वेनं जाताना ते स्टेशन लागतं. लोखंडी नांगर करणारा माणूस आणि विमान करणारे दोघे भाऊ, तिघांनीही आधी सायकल खोलली होती. साखळी, छर्रे आणि वजन कमी ठेवण्याची सवय त्यांना त्या एकाच यंत्रानं लावली असणार, असं मला मनापासून वाटतं.

फ्लायरमध्ये ही सायकल उघड दिसते. इंजिन एक, चार सिलिंडरचं, सुमारे १२ अश्वशक्तीचं. ते त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलरनं सहा आठवड्यांत तयार केलं. त्यापासून मागच्या दोन पंख्यांना साखळ्या. दोन्ही पंखे एकाच दिशेला फिरले तर विमान वाकडं ओढलं जाईल. म्हणून एक साखळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी उलटी फिरवली, आणि पंखे एकमेकांच्या विरुद्ध फिरू लागले. माझ्या साखळ्या सांगलीच्या सराफ कट्ट्यावर मिळाल्या, नकली दागिन्यांतली सर्वांत बारीक कडी. पंखे तीन थर चिकटवून कोरले. दोन्ही झाल्यावर शेजारी ठेवले तेव्हा कळलं, दोन्हींचा पीळ एकाच बाजूचा होता. आरशातल्यासारखी जोडी हवी होती. एक पुन्हा कोरला.

[दृश्य : तारांचा जवळून घेतलेला फोटोसारखा स्थिर देखावा. पार्श्वभूमीला तंबोरा लावल्याचा आवाज.]

या विमानात बांबूपेक्षा तारांचं काम मोठं आहे. तारा काढल्या तर हे पंख हातात घेताच डगमगतात. मी सतारीची सर्वांत बारीक तार आणली होती, इथं ती दारातच मिळते. मायक्रोमीटरनं मोजली तर ०.२२ मिलिमीटर. चोवीस पट केली तर पाच मिलिमीटरच्या वर जाते. मूळ विमानाच्या फोटोत तारा कितीतरी नाजूक दिसतात. मन मोडलं, पण ती तार परत केली. शेवटी शिंपी वापरतात तो डोळ्यांना न दिसणारा नायलॉनचा दोरा घेतला आणि राखाडी रंगवला. तो आवळायला उदबत्ती लागते. पेटलेलं टोक दोऱ्याजवळ न्यायचं, टेकवायचं नाही. दोरा आपोआप ताठ होतो.

तरी जमेना. एक तिरकी तार ताठ केली की समोरची सैल पडायची. ती आवळली की तिसऱ्या चौकटीतला खांब कलायचा. आठवडाभर हेच. मग एका संध्याकाळी मॉडेल ताटावर ठेवून समोरच्या चाचांकडे नेलं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी होतात.

चाचांनी चष्मा वर सारला, एक तार नखानं हलकेच छेडली आणि कान जवळ नेला.

“एका तारेला पुरी कशाला ओढतोस बाळा? आधी सगळ्या थोड्या थोड्या घे. मधनं सुरू कर, मग डावी-उजवी. मग परत पहिल्यापासनं. तंबोऱ्याला चारच तारा, तरी आम्ही तीन-तीन दा फिरतो.”

त्या रात्री सगळ्या तारा कापून टाकल्या. नव्यानं लावल्या, चार फेऱ्यांत. चौथ्या फेरीनंतर मॉडेल एका टोकाला धरून उचललं आणि दुसरं टोक हललं नाही.

इथं माझी सर्वांत मोठी चूक बाहेर आली. पंखांच्या पुढच्या रांगेत सगळीकडे तिरक्या फुल्या आहेत. मी मागच्या रांगेतही टोकापर्यंत फुल्या मारल्या होत्या. दिसायला सुबक, एकसारखं. पण मूळ विमानात मागच्या बाजूला, टोकाकडच्या चौकटी बांधून टाकलेल्या नव्हत्या. तिथल्या तारा वैमानिकाच्या कमरेखालच्या पाळण्याला जात. तो कंबर सरकवी, तारा ओढल्या जात, आणि एका बाजूच्या पंखांची मागची कड खाली, दुसऱ्या बाजूची वर. मागचं सुकाणूही त्याच पाळण्याला जोडलेलं. मी बांधलेलं विमान कलूच शकलं नसतं. विल्बरच्या खोक्यातली नेमकी ती गोष्ट मी दोऱ्यानं आवळून ठेवली होती.

[दृश्य : चिमट्यानं पाळणा सरकतो. पंखांची टोकं उलटसुलट वळतात.]

त्या फुल्या काढल्या. इंजेक्शनच्या सुईचे तुकडे कापून त्यांतून दोरे नेले. आता पाळणा दोन मिलिमीटर सरकवला की पंख असे पिळतात. हे पहिल्यांदा झालं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मी घरातल्यांना उठवलं.

[दृश्य : ओसरी. जमिनीवर अडीच फुटांची लाकडी पट्टी, तिच्यावर मॉडेल. शेजारी मोजपट्टी.]

फ्लायरला चाकं नव्हती. ६० फुटांच्या रुळावरून सुटणाऱ्या ढकलगाडीवर ते धावलं. माझ्या मापात तो रूळ अडीच फुटांचा. एका रविवारी मी तो ओसरीवर मांडला आणि पुढं मोजपट्टी धरली. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण, ऑरव्हिलचं, १२ सेकंदांचं, १२० फूट. इथं पाच फूट. ओसरी संपायच्या आत संपलं. तिथं खडूनं रेघ मारली.

त्या दिवशी चार उड्डाणं झाली. चौथं विल्बरचं, ५९ सेकंद, ८५२ फूट. चोवीसनं भागलं तर साडेपस्तीस फूट. मोजपट्टी पायऱ्या उतरली, गल्लीत गेली आणि चाचांच्या ओट्याला जाऊन टेकली. ओट्यावर भोपळा घासत बसलेल्या चाचांनी टोक धरलं.

“इथवर?”

“इथवर. त्यानंतर ते परत उडलंच नाही.”

चौथ्या उड्डाणानंतर विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याचा झोत आला आणि त्यानं ते उलथवलं. आज ते दुरुस्त होऊन वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. हे मी चाचांना सांगत होतो तेवढ्यात गल्लीत धुळीची वावटळ उठली. मी ओसरीकडे धावलो.

चाचा माझ्या आधी पोचले होते. रुळाच्या बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून, लुंगीचा घोळ दोन्ही हातांनी पसरून उभे होते.