पेंढी सोडून पाहा

माथेरानात मोटारींना बंदी आहे. घोड्यांसाठीच्या सुक्या गवताचा टेम्पो दस्तुरी नाक्यापर्यंत, म्हणजे गाड्या थांबतात तिथवर येतो, पुढे हातगाडी नाहीतर घोड्याची पाठ. गवताच्या भावात ही पुढची हमाली जोडली की स्वस्तातलं वाईट गवतही महागच पडतं. म्हणून पारख करायची ती माल टेम्पोतून उतरण्याआधी.

बाहेरच्या रंगावर जाऊ नका. ऊन लागलेली बाजू पिवळी पडतेच. पेंढीचा बंद सोडा आणि मधोमध हात घाला. आत हिरवट छटा हवी, काडीला पानं हवीत, वास सुक्या गवताचा गोडसर हवा. हाताला ऊब लागली, कुबट वास आला, झटकल्यावर पांढरट भुकटी उडाली, तर ती बुरशी. अशी पेंढी फुकट मिळाली तरी घेऊ नये. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं बाहेर पडत नाही आणि पोटशूळ जिवावर बेततो. भुकटी श्वासातून गेली की खोकला आणि धाप लागते. पाणी मारल्याने धूळ बसते, बुरशी जात नाही.

ओल तपासायला काचेची कोरडी बरणी पुरते. गवताचे बारीक तुकडे, वर चार-पाच चमचे मीठ, घट्ट झाकण, आणि दोन मिनिटं हलवायचं. मिठाचे गोळे झाले तर ओल साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे. दमट हवेत मीठ आधीच ओलसर असतं, ते तव्यावर भाजून गार करून घ्या. ओल 20 टक्क्यांपुढे गेली की गंजी आतून तापते, क्वचित पेटही घेते.

कापणीची वेळही काडीवर दिसते. फुलोऱ्यात कापलेला पवन्या किंवा मारवेल (ही चाऱ्याची गवतं) मऊ असतो. बी झडून गेल्यावर उरतो तो कडक दांडा, त्यात कस कमी. उशिरा कापलेली कुसळी, म्हणजे टोकदार कुसळांचं गवत, तर नकोच. तिची टोकं जिभेत, हिरड्यांत रुततात, लाळ गळते आणि घोडा चंदीलाही (दाण्याच्या खुराकालाही) तोंड लावत नाही.

आता भाव. पेंढ्या शेकड्यावर विकतात, खरा हिशेब मात्र किलोवर. दहा पेंढ्या काट्यावर घाला. समजा दोन विक्रेत्यांचा भाव सारखाच, शंभर पेंढ्यांना 1,200 रुपये. एकाची पेंढी दीड किलोची, म्हणजे 8 रुपये किलो. दुसऱ्याची एक किलोची, म्हणजे 12 रुपये. पण पहिल्याचं जाडंभरडं गवत घोड्याने 40 टक्के टाकलं, तर पोटात गेलेला किलो 13 रुपयांवर जातो. दुसऱ्याचं पाच टक्केच उरलं, तर तो साडेबारा-तेरातच राहतो, आणि कसही त्यातच जास्त. तीन दिवस सकाळी गव्हाणीत उरलेलं तोला, उत्तर समोर येईल.

300 किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण सहा किलो सुकी वैरण लागते. चंदी दिली तरी साडेचार किलोच्या खाली येऊ नये. नवी खेप पहिल्या दिवशी पाव हिस्साच मिसळा आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला.