सेंट लुईसचं पहिलं तळघर

मंडळी, अमेरिकेतलं सेंट लुईस शहर म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती नदीकाठची कमान, १९२ मीटर उंच, १९६५ साली पूर्ण झालेली. आज मी तुम्हाला तिच्याच आसपासच्या जमिनीवर नेणारे पण अडीचशेहून जास्त वर्षं मागे, कारण मला बोलायचंय एका तळघराबद्दल.

ऑगस्ट १७६३ मधे पिएर लाक्लेद नावाचा फ्रेंच व्यापारी न्यू ऑर्लिन्सहून होडीत माल भरून मिसिसिपीतून प्रवाहाच्या उलट वर निघाला, धंदा फरचा, म्हणजे तिथल्या आदिवासींना माल द्यायचा आणि कातडी घ्यायची. सेंट जेनेव्हिव्ह गावी पोचेपर्यंत नोव्हेंबर उजाडला आणि त्या गावात एवढा माल ठेवायला जागाच नाही! मग सामान फोर्ट द शार्त्र किल्ल्यावर टाकलं आणि डिसेंबरात हा जागा शोधत फिरला. मिसूरी नदी मिसिसिपीला मिळते त्या संगमाच्या खाली, पश्चिम काठावर त्याला चुनखडीचा उंच कडा सापडला. पुराची भीती नाही, लाकूड हाताशी, आणि पश्चिमेकडचा सगळा फर मिसूरीतूनच खाली येणार. झाडांवर खुणा करून तो परतला.

फेब्रुवारी १७६४ मधे तीसेक माणसं देऊन त्याने ओग्युस्त शुटोला पुढे धाडलं. हा लाक्लेदची जोडीदार मारी तेरेझ हिचा मुलगा, वय तेरा-चौदा. मारी तेरेझला नवरा सोडून गेलेला, कॅथलिक कायद्यात घटस्फोट नाही, त्यामुळे पुढे लाक्लेदपासून झालेल्या मुलांनाही शुटो हेच आडनाव लागलं.

आता ते तळघर. झाडं तोडणं, शेड बांधणं सुरू असतानाच मिसूरी नावाच्या आदिवासी जमातीची अख्खी वस्ती तिथे येऊन ठेपली, दीडशेच्या आसपास लढवय्ये आणि बायका-पोरं वेगळी. आम्ही इथेच राहणार म्हणाले. कामावरची माणसं घाबरली, वस्तीला आलेली काही तर नदी ओलांडून परत पळाली. पण ओग्युस्तने बायकांना आणि पोरांना कामाला लावलं, लाक्लेदच्या घराचं तळघर खणायला. लाकडी परातींत आणि टोपल्यांत माती भरून त्या डोक्यावरून वाहून नेत होत्या. मजुरी काय, तर हिंगुळाचा लाल रंग, कातड्याला भोकं पाडायच्या आऱ्या आणि तांब्याचा हिरवा रंग. हे शुटोनेच पुढे लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळतं. त्याने एकीचंही नाव लिहिलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. शहरातलं पहिलं मोठं खोदकाम या बायकांनी केलं आणि थोड्याच दिवसांत लाक्लेदने, इथे राहाल तर शत्रू येऊन मारतील असं सांगून त्यांना परत पाठवलं!

गावाला नाव दिलं फ्रान्सच्या नवव्या लुई राजाचं, पण फ्रान्सने हा काठ १७६२ मधेच गुपचूप स्पेनला देऊन टाकला होता आणि इथे कोणाला पत्ताच नव्हता. पूर्व काठ इंग्रजांकडे गेला म्हणून तिकडचे फ्रेंच नदी ओलांडून इकडे आले, त्यातून वस्ती वाढली. धान्याची मात्र टंचाईच, आजूबाजूचे लोक गावाला पँ कूर म्हणायचे, म्हणजे पाव कमी पडणारं गाव.

आणि जमीन काही रिकामी नव्हती. काठावर शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांनी माती वाहून रचलेली मोठमोठी टेकाडं होती. सगळ्यात मोठं १८६९ मधे तोडून संपवलं, माती रेल्वेच्या भरावात गेली. शहरात आज एकच उरलंय, शुगरलोफ. तेसुद्धा लोकांच्या मालकीच्या घरांखाली होतं, २००९ मधे ओसेज नेशनने, म्हणजे ओसेज आदिवासींच्या राष्ट्राने, तिथल्या जागेचा एक भाग पैसे मोजून विकत घेतला.