रात्रभराचे चित्रीकरण ठेवायचे कुठे?

मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण दशावताराचे, डबलबारी भजनांचे आणि लग्नांचे चित्रीकरण करतात, म्हणून हिशेबाला एका रात्रीपासूनच सुरुवात करू. फोर-के चित्रीकरण सेकंदाला 100 मेगाबिट या दराने होत असेल, तर तासाला 45 जीबी जागा लागते. दोन कॅमेरे आणि पाच तासांचा खेळ म्हटला की एका नाटकाचे 450 जीबी झाले. दोन-तीन रात्रींतच संगणकातली जागा संपते आणि दुसरी हार्ड डिस्क घ्यावी लागते.

दुकानात गेल्यावर आपण सर्वप्रथम टीबी किती, हे विचारतो. माझी कळकळीची विनंती अशी, की त्याआधी डिस्क सीएमआर आहे की एसएमआर, हे विचारावे. सीएमआर डिस्कवर माहितीच्या वर्तुळाकार पट्ट्या एकमेकींशेजारी मोकळ्या असतात, तर एसएमआरमध्ये कमी जागेत जास्त माहिती मावावी म्हणून एका पट्टीची कड दुसरीखाली दबलेली असते. आपल्या घरांवरची कौले आठवा; मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली शेजारची कौले आधी उचलावी लागतात. एसएमआर डिस्कलाही जुन्या जागी नवे लिहिताना पुढच्या पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. हे लपावे म्हणून ती आलेली माहिती आधी एका राखीव भागात झपाट्याने घेते आणि सवडीने नीट लावते. चार कागदपत्रे ठेवणाऱ्याला यातले काही जाणवत नाही. आपण मात्र तिला सवडच देत नाही.

मी हे अनुभवाने शिकलो. पहाटे खेळ संपल्यावर मी कार्डे रिकामी करायला बसलो, तेव्हा वेग सेकंदाला 110 मेगाबाइट दिसत होता, म्हणून चहाला उठलो. परत येऊन पाहतो तर तो 20 वर आला होता आणि उरलेला वेळ कमी होण्याऐवजी वाढत चालला होता. सेकंदाला 150 मेगाबाइट वेग टिकवणाऱ्या डिस्कवर 450 जीबी पन्नास मिनिटांत उतरतात, 20 च्या वेगाने त्यालाच सव्वासहा तास लागतात, आणि त्याच संध्याकाळी पुढच्या गावात ती कार्डे पुन्हा हवी असतात.

खोक्यावर ही माहिती बहुधा नसते. काही डिस्कमध्ये न सांगता एसएमआर वापरल्याचे 2020 मध्ये उघड झाले, त्यानंतर कंपन्यांनी मॉडेलनिहाय याद्या प्रसिद्ध केल्या. म्हणून मॉडेल क्रमांक उतरवून घेऊन तो यादीत पाहावा. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्क आज बहुतांशी एसएमआरच असतात. आपल्या कामाला साडेतीन इंची, मिनिटाला 7200 फेऱ्यांची सीएमआर डिस्क योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला वेगळा अॅडॉप्टर लागतो, त्यामुळे वीज वारंवार जाणाऱ्या गावात यूपीएसचा खर्चही त्यातच धरावा. फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी एसएसडी संपादनासाठी उत्तमच आहे, पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी ती नव्हे.

विंडोजमध्ये 4 टीबीची डिस्क 3.63 दिसते, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या. डिस्क फॉरमॅट करताना, म्हणजे तिच्यावर फाईली ठेवण्याची पद्धत निवडताना, फॅट-32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, म्हणून विंडोज आणि मॅक दोन्हींवर काम असेल तर एक्सफॅट, केवळ विंडोज असेल तर एनटीएफएस घ्यावे.

आणि 8 टीबीची एक डिस्क घेण्याऐवजी 4 टीबीच्या दोन घ्या, भले थोडे पैसे जास्त जावोत. दोन्हींवर तेच चित्रीकरण उतरवावे, दुसरी डिस्क दुसऱ्या घरात ठेवावी, आणि दोन्हींवरच्या फाईली उघडून पुढेमागे करून पाहीपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये. वयस्कर कलावंताने त्या रात्री केलेला संकासुर पुन्हा चित्रित करता येत नाही.